तीन समीकरणांची गाठ

१९ मार्च २००६. दुकानातल्या जुन्या वायरी सोडवणे.

"ओढायचं नाही. आधी नीट बघायचं." खोक्यातला वायरींचा गुंता मी उपसायला घेतला की गणिताच्या बाई माझ्या हातावर चापट मारून हे म्हणायच्या. माझ्याच दुकानात, माझ्याच हातावर. ‘घाई असल्यास दुसरीकडे जावे’ अशी पाटी लावणारी मी, पण मुकाट्याने हात मागे घ्यायची.

माझं दुकान कर्वेनगरात. आधी टाइपरायटर होते, मग कॉम्प्युटर आले. प्रबंध, लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, जे येईल ते टाइप करायचं. बाई जवळच्याच कॉलेजात शिकवायच्या. पन्नाशी उलटलेली, सुती साडी, खांद्याला एवढी जड पर्स की चालताना त्या एका बाजूला कललेल्या दिसायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पानभर समीकरणं माझ्यापुढे ठेवली.

"हे काय आहे?"

"गाठ."

"कुठंय?"

त्यांनी पर्समधून परकराची पांढरी नाडी काढली. पत्रिकेचं प्रूफ तपासत बसलेल्या गृहस्थांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बाईंनी काउंटरवरच गाठ मारून दाखवली.

"या नाडीवरून एक मुंगी चाललीय असं समजा. अमुक क्षणी ती डावी-उजवीकडे कुठे आहे, ते पहिलं समीकरण सांगतं. पुढे-मागे कुठे, ते दुसरं. किती उंचीवर, ते तिसरं. तीन समीकरणं दिली की नाडी नको आणि चित्रही नको."

"आणि टोकं?"

"ती दोन्हीकडे लांबच लांब जातात. टोक हाताला लागलं तर कुठलीही गाठ सुटते हो. इथे ते लागतच नाही."

"उपयोग काय याचा?"

"काही नाही," बाई प्रसन्नपणे म्हणाल्या. "टाइप कधी होईल?"

तीच गाठ जितक्या लहान घातांकांत बसेल तितका त्यांना आनंद. सगळ्यात साधी गाठ तीन, चार आणि पाच घातांकांच्या समीकरणांत बसते, हे सांगताना त्यांचा चेहरा कमी कापडात ब्लाउज बसवणाऱ्या बाईसारखा व्हायचा.

माझ्या भाचीच्या लग्नाला मी त्यांना बोलावलं होतं. गुरुजींनी शालू-उपरण्याची गाठ मारली आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, "ही निसटेल."

"बाई, लग्न चाललंय!"

"म्हणूनच सांगतेय. गुरुजी, दुसरा वेढा उलटा घ्या."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं, आणि घेतला. भाचीचा संसार उत्तम चाललाय. श्रेय कुणाचं, ते तुम्ही ठरवा.

तेव्हा पुण्यात जो तो कॉम्प्युटरच्या मागे होता. बाईंचे विद्यार्थी गणित सोडून तिकडे चालले होते, शिक्षकसुद्धा. कॉलेजात गणिताचा एम.एस्सी.चा एक वर्ग होता, आणि पीएच.डी. झालेलं कुणीच उरलं नव्हतं. प्राचार्यांनी बाईंना स्पष्ट सांगितलं, मार्चअखेर तुमचा प्रबंध विद्यापीठात गेला तर वर्ग राहील. नाहीतर त्या खोलीत कॉम्प्युटर येतील.

प्रबंध तयारच होता. शेवटच्या प्रकरणात एक अवघड गाठ बाईंनी आधीच्या लोकांपेक्षा लहान घातांकांत बसवली होती. सगळी मदार त्यावर. परीक्षकही खूश होतील असं त्यांच्या मार्गदर्शकांचं मत होतं.

बांधणीला द्यायच्या आधी बाई छापील पानं तपासायला बसल्या. त्यांची एक खोड होती. स्वतःचं चित्र समोर ठेवून त्या कधी तपासत नसत. छापलेले आकडे घ्यायच्या, नाडीची वाट जिथे जिथे स्वतःला ओलांडते तिथल्या दोन्ही उंच्या नव्याने काढायच्या, आणि जी मोठी येईल ती बाजू वर ठेवून नाडी विणायच्या. त्या दिवशी एका जागी हात थांबला. तिथल्या दोन उंच्या अगदी जवळजवळच्या. हाताने गणित करताना बाईंनी दशांशानंतरचे दोनच अंक धरले होते. आता सगळे अंक धरले, तर वरची बाजू खाली गेली.

त्यांनी ती तशी घातली आणि दोन्ही टोकं धरून ताणली. नाडी सरळ झाली.

"निघाली," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ही गाठच नाही."

मी व्यवहाराचं बोलले. "अहो बाई, परीक्षक काय नाडी घेऊन बसणार आहेत?"

"नसतील बसणार."

"एखादा घातांक वाढवा मग."

"वाढवला की बसेल. पण मग आधीच्यांनी केलं तेच मी केलं. प्रकरणाचा मुद्दाच गेला."

"आणि तुमचा वर्ग?"

त्यांनी नाडीची गुंडाळी केली. मग म्हणाल्या, "वर्गात मी मुलांना काय शिकवणार होते?" आणि ते प्रकरण उचलून पर्समध्ये टाकलं. मार्चअखेर उलटून गेली. जूनमध्ये त्या खोलीत कॉम्प्युटर आले.

मला वाटलं होतं, बाई खचतील. त्या त्याच खोलीत कॉम्प्युटरवाल्यांना गणित शिकवायला लागल्या. "कसं वाटतंय?" मी विचारलं. "ए.सी. चांगला आहे," एवढंच म्हणाल्या.

निवृत्तीनंतर त्यांनी ते प्रकरण वगळून प्रबंध दिला. डॉक्टरेट मिळाली, तेव्हा तिचा कॉलेजला काही उपयोग नव्हता. शेवटी कुठली गाठ किती लहान घातांकांत बसते याचा एक तक्ता होता. त्यात त्या निसटलेल्या गाठीपुढची ओळ त्यांनी कोरी ठेवायला लावली. "वाईट दिसतं," मी म्हटलं. "दिसू दे. रिकामी आहे हे दिसायलाच हवं." खाली संपर्कासाठी माझ्या दुकानाचा ई-मेल दिला, त्यांच्याकडे स्वतःचा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी कात्रजला बहिणीच्या घरी बाई वारल्या. त्याआधी मी भेटून आले होते. उशाशी नाडी होतीच.

आज दुपारी त्या ई-मेलवर कोल्हापूरच्या एका मुलीचं पत्र आलं. खरं तर त्यामुळेच हे लिहीत बसले, वायरी तशाच राहिल्या. ती गणितात संशोधन करते. तिने विचारलंय, ‘तक्त्यातली कोरी ओळ ही छपाईची चूक आहे का? नसल्यास ती गाठ मॅडमना पुढे सापडली का? मी ती शोधते आहे.’

२० मार्च. सकाळी दुकान उघडलं, केर काढला आणि उत्तर लिहिलं. बाई आता नाहीत. छपाईची चूक नाही. त्यांना ती सापडली नाही. त्या कुठवर पोचल्या होत्या ते सोबत पाठवते. मग कॉम्प्युटरमधून ते काढून टाकलेलं प्रकरण शोधलं, जिथे नाडी निघाली होती त्या जागेवर खूण केली आणि पाठवून दिलं.