कांडीचा आवाज

आजीने गिरणीच्या साचेखात्यात एकतीस वर्षं कापड विणलं. एका छताखाली शंभर साचे, म्हणजे यंत्रमाग, खडाखडा चालत असताना तोंडाने बोलून कुणाला काय ऐकू जाणार? तिथल्या बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा नवरा रुसला, सगळं ओठांवर. मुकादम शेजारी उभा असतानाच त्याची खिल्ली उडवता यायची, ही त्यातली मोठी सोय. गिरणीतली नोकरी सुटली तोवर आजीचे कान जवळजवळ गेले होते. परक्यांशी ती खच्चून ओरडून बोलायची. मायेचं बोलणं मात्र सवयीने ओठांतच राहिलं.

जावई बोटीवर नोकरीला, त्यामुळे बाळंतपणानंतर लेक औषधांच्या दुकानात कामावर परतली तेव्हा बाळ आपसूक आजीकडे आलं. दुपट्यात गुंडाळलं की ते सूत भरलेल्या कांडीसारखं दिसायचं, म्हणून आजी त्याला कांडी म्हणू लागली आणि पोरीचं खरं नाव मागे पडलं. लेक दिवेलागणीला दमून परतायची तोवर कांडी पेंगायला लागलेली असायची.

दुपारी खिडकीतून उन्हाची पट्टी फरशीवर यायची आणि सावकाश भिंतीवर चढायची. आजी पाय लांब करून बसायची, पायांवर कांडी. तेल चोळताना, चमच्याने भरवताना, थोपटताना आजीचं बोलणं अखंड चालू असायचं, आणि कांडी तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहायची. घरात इतकं शांत असायचं की महिने कधी सरले ते दोघींनाही कळलं नाही. कांडीने मान धरली, पालथी पडली, बसती झाली, रांगायला लागली, फरशीवरचा दोरा चिमटीत धरून तोंडात घालू लागली.

दहाव्या महिन्यात तिघी दवाखान्यात गेल्या. नर्सबाईंनी वजन केलं, उंची मोजली आणि विचारलं, "बा-बा, मा-मा, अशी काही बडबड करते का?"

लेकीचा चेहरा पडला. "नाही हो. हसते, रडते, पण बडबड नाही. नुसतं तोंड हलवते. तिला ऐकू येत नाही का?"

नर्सबाईंनी मागून खुळखुळा वाजवला. कांडीने गर्रकन मान वळवली. दुसरीकडून वाजवला, तर तिकडे वळवली. कान ठणठणीत होते. नर्सबाई विचारात पडल्या. तेवढ्यात कांडी आजीकडे बघून ओठ हलवू लागली, आजीने ओठांनीच उत्तर दिलं आणि दोघींच्या गप्पा रंगल्या. खोलीत चिडीचूप.

"आजी," नर्सबाई मोठ्याने म्हणाल्या, "घरी तुम्ही तिच्याशी अशाच बोलता?"

"दिवसभर! तोंड दुखेपर्यंत!" आजी इतक्या जोरात म्हणाली की कांडी दचकून रडायलाच लागली.

"पण आवाज कुठाय?"

आजीला आधी समजेना. तिच्या लेखी ती बोलतच होती. मग लख्खकन कळलं. पोरीने तिचीच नक्कल उचलली होती, अगदी हुबेहूब. आजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत येताना लेक म्हणाली, "आई, पुढच्या महिन्यापासून हिला पाळणाघरात ठेवू या. तुझी चूक नाही गं."

आजीने तिचे ओठ वाचले. "एक महिना दे मला," ती म्हणाली. लेकीने मान डोलावली, पण नजर मिळवली नाही.

हळू बोलायचं म्हणजे किती, हेच आजीला उमगेना. जोर केला की पोरगी रडे, जोर कमी केला की आवाजच जाई. शेवटी तिने स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. बोटांना थरथर लागली की आवाज आहे. मग दिवसभर गळ्यावर हात ठेवून, "हा चमचा बघ, ही खिडकी," असं सुरू झालं. ओठांवर सहज येणारं सारं आवाजात म्हणताना तिची जीभ अडखळायची, चक्क लाज वाटायची. तरी तिने नेट सोडला नाही. मुकादमाच्या भानगडीसुद्धा कांडीला आवाजात सांगून झाल्या.

महिना संपायला चार दिवस राहिले होते. उन्हाची पट्टी भिंतीवर चढली होती. मांडीवरची कांडी ओठ मिटत होती, उघडत होती. पण ते तर रोजचंच. यात आवाज आहे की नाही, हे आजीला कसं कळावं? तिने भीत भीत आपली दोन बोटं त्या इवल्या गळ्यावर टेकवली.

बोटांना थरथर लागली. थांबली. पुन्हा लागली.

आपण हललो तर हे थांबेल, या भीतीने आजी तशीच बसून राहिली. पट्टी भिंतीवर वर सरकत पुसट झाली, पाय बधिर झाले. मान वर केली तेव्हा दारात लेक उभी होती, एका पायातली चप्पल तशीच, डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"बोलतेय ना गं?" आजीने विचारलं.

लेकीने हो म्हणून मान हलवली.

"कसा आहे गं तिचा आवाज?"

आईला ओठ दिसावेत म्हणून लेक अगदी समोर येऊन बसली.

"घोगरा," ती म्हणाली. "अगदी तुझ्यासारखा, आई."