कंपनीकडची चावी

गेली दोन वर्षं मी एकच वाक्य सगळ्यांना सांगत आलोय. फोटो सॉफ्टवेअरमध्ये अडकलेत. बायकोला सांगितलं, आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपला सांगितलं, आणि ज्याला सांगायला नको होतं त्यालाही सांगितलं. ते खोटं होतं. निम्मं तरी खरं आहे अशी मी स्वतःची समजूत घालायचो, आता तीही घालता येत नाही.

फोटो एका लग्नाचे आहेत. जामखेडकडच्या एका गावातलं लग्न, माझ्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाच्या मुलीचं. माझ्याखेरीज ते फोटो कुणाकडेच नाहीत. असं कसं झालं, ते पहिल्यापासून सांगतो.

मी नागापूरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पर्मनंट. तो लेथवर होता, कॉन्ट्रॅक्टरकडून आलेला, वयानं माझ्याएवढाच. शॉपमधल्या दोघातिघांच्या लांबच्या नात्यातली बहीण त्याला दिलेली, म्हणून सगळेच त्याला दाजी म्हणायचे. मीही दाजीच म्हणायचो. मला कॅमेऱ्याचा नाद आहे हे त्याला ठाऊक होतं, कारण राजूरकडे काजव्यांचे फोटो काढून आलो की मी ते जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवायचो. बाकीचे "भारी, भारी" म्हणून डबा उघडायचे. दाजी हात पुसून फोन हातात घ्यायचा आणि एकेक फोटो बघायचा.

तर त्यानं मुलीच्या साखरपुड्याला मला बोलावलं. दोन तासांचा कार्यक्रम, हौसेनं चार फोटो काढू, म्हणून मी गेलो. आंगठ्या झाल्या, साखर वाटली, आणि जेवणं व्हायच्या आधी दोन्हीकडची वडीलधारी माणसं मंडपाच्या कोपऱ्यात जाऊन बसली. आमच्याकडे हे नवं नाही. तासाभरानं एकानं उठून सांगितलं की साखरपुड्यातच लग्न उरकून टाकायचं. माणसं जमलीत, स्वयंपाक झालाय, पुन्हा खर्च कशाला. भटजी तिथेच होते. हळद वाटली, तालुक्याहून हार मागवले, आणि पत्रिकेशिवाय, बँडशिवाय, फोटोग्राफरशिवाय लग्न लागलं. फोटोग्राफर म्हणून होतो तो मी.

अक्षता पडताना पोरं मोबाईल घेऊन पुढे घुसत होती. दाजीनंच त्यांना मागे सारलं. "बाजूला व्हा रे, सायबांना काढू द्या. त्यांचे फोटू येनार हायेत," म्हणाला. पोरांनी मोबाईल खिशात घातले. हे मला नीट आठवतंय, कारण त्या वेळी मला बरं वाटलं होतं.

मंडप हिरव्या शेडनेटचा होता. वर कडक ऊन आणि खाली हिरवा उजेड. डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. घरी येऊन बघतो तर नवरी, नवरा, भटजी, सगळे ओल्या शेवाळासारखे. हळद लावलेले हात कच्च्या आंब्याच्या रंगाचे. कॅमेऱ्यात कच्ची फाइल आणि तयार फोटो असं दोन्ही साठवायची सोय असते. मी तयार फोटो बंद ठेवला होता, कारण ग्रुपमधले जाणकार तसंच करतात. म्हणजे आता सॉफ्टवेअरमधून काढल्याशिवाय एकही फोटो देता येणार नव्हता, आणि प्रत्येक चेहऱ्यावरचा हिरवा रंग मला एकेक करून उतरवायचा होता.

इथे सॉफ्टवेअरचं रडगाणं सुरू होतं, आणि ते मला गाऊ द्या, कारण तो राग अजून गेलेला नाही.

माझ्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. डबीतलं, सीडीवालं, शहरातल्या दुकानातून बिल करून घेतलेलं. त्याचा नंबर मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलाय, आजही आहे. दुकानदार म्हणाला होता, एकदा घ्या, आयुष्यभर बघायला नको. कुणाचं आयुष्य, ते मी विचारलं नाही. नवा कॅमेरा घेतला आणि त्या सॉफ्टवेअरनं नव्या फायलींना ओळखच दाखवली नाही. प्रत्येक फोटोच्या जागी एक करडा चौकोन. दुकानात गेलो तर तो माणूस आता सीसीटीव्ही विकत होता. म्हणाला, सर, आता ते विकत मिळत नाही, महिन्याच्या भाड्यानंच वापरायचं. मी भाड्यानं घेतलं. दर महिन्याला कार्डातून पैसे जायचे आणि दर महिन्याला मला आपल्याच घरात भाडेकरू असल्यासारखं वाटायचं. रोज त्यात काहीतरी नवं आलेलं असे, काल जिथे बटण होतं तिथे आज दुसरंच. ज्यांचा हा धंदा आहे त्यांचं ठीक आहे. मी महिन्यातून दोन रविवार कॅमेरा हातात घेणारा माणूस. एकदाच घ्यायची दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं आहेत, ती घ्या, असं ग्रुपमध्ये सांगायचे. पण इकडे केलेल्या दुरुस्त्या तिकडे जात नाहीत. तिकडे जायचं तर पुन्हा पहिल्या चेहऱ्यापासून हिरवा रंग उतरवायचा.

हे सगळं खरं आहे. यातला शब्दही मी मागे घेत नाही. पण फोटो यामुळे अडले नाहीत.

लग्नानंतर पाचव्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरचा माणूस यादी मागायला आला. बाहेरच्यांना सांगावं लागेल. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाचे सलग दिवस भरत आले की त्याला ब्रेक देतात, म्हणजे तो पर्मनंट मागायला नको. महिना-दोन महिने घरी बसवायचं, मग बोलवायचं. किंवा नाही बोलवायचं. कुणाला ब्रेक द्यायचा हे सुपरवायझर सांगतो. मी पाच नावं दिली, त्यात दाजीचं होतं. त्याच्याजागी दुसऱ्याचं देता आलं असतं. पण त्या दुसऱ्यानं वर ओळख लावली होती, आणि दाजी काही बोलणारा नव्हता. म्हणून दिलं.

शेवटच्या दिवशी जाताना तो माझ्या टेबलापाशी आला. मला वाटलं ब्रेकचं काढेल. तो म्हणाला, "सायेब, फोटू निवांत द्या. गडबड न्हाई."

त्या संध्याकाळी मी कॉम्प्युटर लावला. निम्म्याहून जास्त चेहरे दुरुस्त झाले होते. उरलेल्यांत एक फोटो दाजीचा होता, मुलीच्या डोक्यावर हात ठेवलेला. मी तो उघडला आणि मिटला. दुसऱ्या दिवशी उघडलाच नाही. पुढच्या महिन्यात कार्डाची मुदत संपली, भाडं गेलं नाही, आणि दुरुस्तीच्या सगळ्या पट्ट्या करड्या पडल्या. मला सुटल्यासारखं झालं. हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

वर मी ग्रुपवर भलामोठा मेसेज लिहिला. माणसाची हौस कुणाच्या मर्जीवर असू नये, पैसे मोजले की वस्तू आपली झाली पाहिजे, हा काय न्याय, की आज आहे आणि उद्या बाहेर. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. पाच माणसांना ब्रेक देऊन आलेला मी, मलाच तो मेसेज फार आवडला होता. ग्रुपमधल्या एका कॉलेजच्या सरांनी तेवढं लिहिलं, की मी भाडं भरतो, फोटो काढतो आणि ज्याचे त्याला देऊन टाकतो. तुम्ही कुणाला दिलेत?

मग दाजीचा फोन आला. बोलवण्याबद्दल एक अक्षर नाही. मुलीच्या लग्नाची ग्रामपंचायतीत नोंद करायची होती, तिथे लग्नाचा फोटो मागत होते. पत्रिका छापलेलीच नव्हती. नोंद नाही म्हणून सासरच्या रेशनकार्डावर तिचं नाव चढत नव्हतं, आणि सासू उठताबसता बोलत होती.

"येक तरी द्या, सायेब," तो म्हणाला. "कसाबी चालंल."

मी म्हणालो, दाजी, देता येत नाही, सॉफ्टवेअर लॉक झालंय.

"कुलूप लागलंय? मग चावी कुनाकडं हाय?"

"कंपनीकडे."

तो हळूच म्हणाला, "आपल्या कंपनीकडं व्हय?"

नागापूरमध्ये कंपनी म्हटलं की कारखानाच. सॉफ्टवेअर करणारी परदेशातली कंपनी त्याच्या डोक्यात कुठून यावी? त्याला वाटलं, ब्रेक दिला तसे फोटोही कारखान्यानं ठेवून घेतले. "नाही हो, ती वेगळी" एवढंच मला म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर त्यानं पुढे विचारलं असतं, आणि पुढे माझ्याकडे काही नव्हतं. मी म्हणालो, बघतो मी, तुम्ही फोन करत बसू नका.

त्यानं पुन्हा फोन केला नाही. फार मागं लागलं तर कंपनी बोलवायची नाही, असं त्याला वाटलं असणार. मला ते त्याच वेळी कळलं होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी ते कॉलेजचे सर घरी आले. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी त्यांना माझे काजवे हवे होते. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, अडकलेत. ते म्हणाले, बघू तर. खुर्ची ओढून बसले, समोर आलेली सूचना वाचली, दोन ठिकाणी क्लिक केलं, आणि काजव्यांचा फोटो डेस्कटॉपवर येऊन पडला.

"अहो, बाहेर काढायला बंदी नाहीच," ते म्हणाले. "फक्त नवी दुरुस्ती बंद आहे. इथे लिहिलंय की. कधी वाचलं नाहीत?"

ती सूचना मी कितीतरी वेळा बघितली होती. पहिल्या ओळीत मुदत संपल्याचं होतं. दुसरी ओळ वाचायच्या आत मी ती बंद करायचो. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की तुमचे फोटो तुमचेच आहेत, कधीही बाहेर काढून घ्या.

बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिला दाजीच्या फोटोंचं माहीत होतं, ब्रेकचं नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं त्या पोरीचं लग्न तुम्ही कोंडून ठेवलंत, आणि दाराला कडीसुद्धा नव्हती." सरांनी उठून तिच्या हातातला कप घेतला.

मी सगळे फोटो काढले. दुरुस्त केलेले आणि हिरवे, दोन्ही. शहरात छापून घेतले आणि पुढच्या सुट्टीला, दाजीला फोनवर कळवून, एसटीनं जामखेडला उतरलो. दाजी मोटारसायकल घेऊन स्टँडवर आला होता. घरी पोचल्यावर बायकोला चहा टाकायला सांगितला, आणि मग पिशवीकडे बघून त्यानं विचारलं, "कंपनीनं सोडलं म्हनायचं. मंग आता बोलवत्याल का, सायेब?"

भिंतीवर एक फोटो होता. मुलगी आणि जावई, गळ्यात हार, मागे रंगवलेला महाल. चेहऱ्यांचे रंग अगदी बरोबर. मी बघतोय हे पाहून दाजीच्या बायकोनं सांगितलं, की नोंदीला फोटो पाहिजेच होता, म्हणून सहा महिन्यांनी दोघांना तालुक्याच्या स्टुडिओत नेऊन उभं केलं. पोर ऐन वेळी रडली, म्हणाली, खोटं खोटं काय लग्न लावताय. मग नोंद झाली.

मी खुर्चीच्या टोकाला बसलो होतो. म्हणालो, "दाजी, फोटो कंपनीकडे नव्हतेच. माझ्याच घरी होते. कुलूपही नव्हतं. आणि ब्रेकच्या यादीत तुमचं नाव मी घातलं होतं, कॉन्ट्रॅक्टरनं नाही."

तो पिशवीतले फोटो काढून गुडघ्यावर लावत होता. हात थांबला नाही.

"यादीचं ठावं हुतं मला," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी कळलं. ते कामाचं हुतं, तुमालाबी वरनं येत आसंल. फोटूचं ठावं नव्हतं."

एवढंच. चिडला नाही. चिडला असता तर मी काहीतरी बोललो असतो, सॉफ्टवेअरचं, हिरव्या रंगाचं. तरीही मी म्हणालोच, की त्या उजेडामुळे चेहरे हिरवे आलेत, ते नीट करत होतो. त्यानं हातातला फोटो बघितला. तोच, मुलीच्या डोक्यावर हात ठेवलेला, हिरवागार.

"मांडव हिरवाच हुता की," तो म्हणाला.

त्याची बायको मात्र फोटोंवरून उठायला तयार नव्हती. स्टुडिओतल्या फोटोत ते दोघंच हायेत, ह्यात आमी समदी हाओत, म्हणत होती. चहा राहून गेला. दाजीनं मला स्टँडवर सोडलं, गाडी लागेपर्यंत थांबला. मी पुन्हा बोलवण्याचं काढलं, म्हणालो, या वेळी मी नाव देतो. त्यानं मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून, ते कळलं नाही. त्यानं मला सायेब म्हणायचं सोडलं नव्हतं.

नाव मी दिलंय. अजून बोलावणं निघालेलं नाही. मी विचारलं की कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणतो, वर पाठवलंय, कंपनीकडे आहे.