कोरड्या मोटारीचा सूर

"आधी ऐका. शिव्या नंतर."

स्टुडिओत पाय ठेवताच तो हे म्हणायचा आणि कुणालाही न विचारता पंखा बंद करायचा. एप्रिलातलं लातूर, बंद काचा, आणि समोर हा डोळे मिटून बसलेला. मला त्याचा मनापासून राग यायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, चांगलं वागायचंच नाही असं ठरवून घराबाहेर पडणारा. हा उदगीरचा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवून पोट भरायचा आणि उरलेल्या वेळात संगणकावर संगीत करायचा. ताल नाही, शब्द नाहीत, नुसते लांबत जाणारे सूर. मी छोट्याशा रेडिओ केंद्रावर निवेदक. नव्या कलाकारांशी गप्पा मारायच्या कार्यक्रमात केंद्राच्या साहेबांना तोच हवा असायचा.

"याला गाणं म्हणायचं का?" मी एकदा विचारलं.

"तुमच्या बडबडीला कार्यक्रम म्हणत्यात. मग ह्याला गाणं म्हणायला काय जातंय?"

दुष्काळाचं वर्ष होतं. नळ केव्हाचे कोरडे पडले होते. तिकडे उदगीरचा वेगळा जिल्हा करा म्हणून मोर्चे निघत होते. अशात तो नवं काम घेऊन आला. आटलेल्या बोअरवर फिरणाऱ्या मोटारीचा आवाज, संगणकावर ताणून संथ केलेला. थेट प्रसारणात मी तो लावला आणि फोन खणखणू लागले.

"घसा कोरडा पडलाय, अन् तुम्ही कोरडी मोटार ऐकवायलात? लाज हाय का?"

दुसऱ्यानं आईवरून शिवी दिली. मी फोन कापला.

"कापू नका," तो म्हणाला. "शेवटपर्यंत ऐकून शिवी दिलीय त्यानं."

मग उदगीरहून एका मोर्चेवाल्याचा फोन आला. "आमच्या जिल्ह्याचं गाणं कर म्हणलं, तर न्हाई म्हणलास. अन् हे करायलास?"

"जिल्हा झाला की बोअरला पाणी लागतंय का? लागत असलं तर सांगा, आत्ता करतो गाणं."

पलीकडचा आवाज चढला. "ये उदगीरला. दावतो."

कार्यक्रम संपल्यावर मी म्हणालो, "आज माझ्याकडे मुक्काम करा."

"तुमच्याकडं? त्यापरीस मार परवडला."

मार मिळालाच. उदगीरच्या बसस्थानकाबाहेर चौघांनी त्याला गाठलं, कीबोर्ड रस्त्यावर आपटून फोडला. लग्नाच्या सुपाऱ्याही बंद झाल्या. "तक्रार करा, मी साक्ष देतो," असं मी फोनवर म्हणालो.

"फुटताना लई भारी वाजला हो. रेकॉर्ड करायचं राहिलं." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

पुढे तो हैदराबादला गेल्याचं कळलं. फोन लागेना. दिवाळीनंतर मी उदगीरला त्याच्या घरी गेलो. थोरला भाऊ डाळीच्या दुकानात बसला होता. त्यानं 'बसा' म्हटलं नाही.

"रेडिओनंच वाटुळं केलं त्याचं. आता काय पाहिजे?"

"काम कुठं करायचा, तेवढं बघू द्या."

तो उठून मागच्या गोदामाकडे निघाला. कोपऱ्यातल्या खोलीच्या भिंतींवर छतापर्यंत रिकामी पोती खिळ्यांनी ठोकली होती. मी आत शिरलो आणि बाहेरचा हमालांचा गलका एकदम विरला.

"काढायची हाईत ती," भाऊ म्हणाला.

मी मागे वळून पाहिलं. तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. पायातल्या चपला त्यानं बाजूला काढून ठेवल्या होत्या.