जोडताना बोलायचं नाही

ट्रेलर जोडत असलेल्या माणसाशी बोलायचं नाही. आमच्या तळावर दारू चालते, कुत्री चालतात, एकमेकांच्या चर्चची टर उडवलेलीही चालते. पण कुणी पिकअप मागे घेत राहत्या ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली नेऊ लागला की आजूबाजूचे सगळे तोंडाला कुलूप लावतात. मधेच कुणी हवापाणी विचारायचं, माणसाचं एक काम हुकायचं आणि सात टनांचं घर पिकअपवर आपटायचं. हे आम्ही सगळ्यांनी एकदा तरी पाहिलंय.

ॲरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा काढणाऱ्या आम्हा निवृत्तांना ही शिस्त लावली व्हर्लिन स्टॉट्सने. चौऱ्याहत्तर वर्षांचा, उंच, जरासा वाकलेला, आयोवातला मेकॅनिक. नऊ वर्षांपूर्वी घर विकून तो आणि त्याची बायको डोरीन ट्रेलरमध्ये राहायला आले. त्याच्याकडे प्लॅस्टिकमध्ये घातलेली जोडणीच्या चोवीस कामांची यादी असायची. प्रत्येक वस्तूला हात लावायचा, तिचं नाव मोठ्याने घ्यायचं, मगच पुढे सरकायचं.

माझा नवरा गेला तेव्हा मी ट्रेलर विकायला काढला होता. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई मी, पण जोडणी कायम नवऱ्याने केलेली. व्हर्लिन दारात येऊन म्हणाला, "ग्लेंडा, रडून झालं की बाहेर ये. खुंटा कुठे असतो ते दाखवतो."

आणि दाखवला. ट्रेलरचा खुंटा पिकअपच्या पाठीवरच्या लोखंडी जबड्यात बसला की जबडा मिटतो आणि बाजूची मूठ आत जाते. मग ट्रेलरचे पुढचे टेकूचे पाय जमिनीवरच ठेवून, त्याचे ब्रेक धरून, पिकअपला पुढे हिसका द्यायचा. ट्रेलरने पिकअपला रोखून धरलं तर जोडणी पक्की. "हिसक्याआधी पाय उचललेस तर मी शिकवलं म्हणून कुणाला सांगू नकोस," असा दम त्याने मला दिला होता.

बाकी त्याचे दिवस आम्हा सगळ्यांसारखेच जायचे. सकाळी उठून टाक्यांचे आकडे बघायचे. वारा सुटला की दारावरचं कापडी छत गुंडाळायचं, पडला की उलगडायचं, तोवर पुन्हा सुटायचा. साखरेच्या डब्यात मुंग्या, चादरीत वाळू. दर पंधरवड्याला अख्खं घर ओढत मैलाटाकी रिकामी करायला न्यायचं आणि पुढच्याचा पाइप कुठे गळतोय यावर रांगेतून मतं द्यायची. डोरीन म्हणायची, "निवृत्ती कसली! चाकांवरची मोलकरीण झालेय मी."

फेब्रुवारीत एका दुपारी ती माझ्याकडे आली ती पांढरीफटक पडूनच.

"व्हर्लिनने पिण्याच्या पाण्याच्या नळीने मैलाटाकी धुतली," ती म्हणाली. "मग तीच नळी प्यायच्या टाकीला लावायला निघाला. मी पाहिलं म्हणून वाचलो."

"अगं, होतं एखाद्या वेळी," मी म्हटलं. "वय झालंय त्याचं."

"मीही तेच म्हटलं असतं. पण मी ओरडले, तर मला विचारतो, पांढरी नळी कशाची असते?"

पांढरी पिण्याची, नारिंगी घाणीची, हे मला शिकवलं होतं त्याने.

"मार्चअखेर आम्ही उत्तरेला निघणार, लेकीकडे," डोरीन म्हणाली. "मधे तो उभ्या चढाचा घाट आहे. मला ट्रेलर ओढत गाडी चालवता येत नाही गं. त्याने कधी शिकवलं नाही आणि मीही हट्ट धरला नाही. निघायच्या दिवशी तू लक्ष ठेवशील? नुसतं बघ हं. बोलू नकोस, त्याला खपणार नाही."

तेव्हापासून माझी झोप उडाली. भीती घाटाची तर होतीच. पण चुकलास म्हणून तोंडावर सांगितलं तर त्याचा चेहरा कसा होईल, याची जास्त होती. त्याचं गाडी चालवणं सुटलं की त्या दोघांचं घरच सुटणार होतं.

निघायच्या सकाळी मी कॉफीचा मग घेऊन माझ्या पायरीवर बसले. शेजारचे चारपाच जणही नेहमीप्रमाणे गप्प उभे होते. व्हर्लिनने पिकअप झकास मागे घेतला. खाली उतरला, यादी काढली आणि एकेका वस्तूला हात लावू लागला. "वीज," म्हणाला आणि हात ठेवला पाण्याच्या नळावर. "पाणी," म्हणाला आणि टायर चाचपला. मी मग खाली ठेवला. आजूबाजूला कुणी हूं की चूं केलं नाही.

मग त्याने बटण दाबलं आणि ट्रेलरचे पाय वर उचलले गेले. हिसका न देताच. मी मान लांब करून पाहिलं, तर जबड्याची मूठ बाहेरच होती. डोरीन पर्स मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसली होती, माझ्याकडे एकटक बघत. त्याने इंजिन सुरू केलं.

मी धावले आणि पिकअपच्या नाकासमोर उभी राहिले.

"ग्लेंडा, बाजूला हो!" तो खिडकीतून गरजला. "जोडताना बोलायचं नाही, माहीत नाही तुला?"

"हिसका दिला नाहीस तू."

"दिलाय!"

"मूठ बाहेर आहे, व्हर्लिन. उतरून बघ."

तो उतरला. वाकून त्याने मुठीला हात लावला. आता हा फाडून खाणार, म्हणून मी अंग चोरलं.

"जानेवारीत टाकी रिकामी करायला निघताना दोनदा असाच उभा होतो," तो हळूच म्हणाला. "पुढचं काम आठवेना. तुम्ही सगळे इथेच होतात. वाटत होतं, कुणीतरी काहीतरी बोला. पण कुणी तोंड उघडेना." त्याने तोंडावरून हात फिरवला. "माझाच नियम ना."

मला रडू फुटलं. त्याने यादी माझ्या हातात दिली. मी वाचत गेले, तो करत गेला. पाय खाली. पिकअप पुन्हा मागे. मूठ आत. हिसक्याची वेळ आली तेव्हा त्याने माझ्यापुढे किल्ली धरली.

"तू दे."

मी दिला. ट्रेलरने घट्ट धरलं.

"आणि घाट?" डोरीनने विचारलं.

"घाटातही तीच चालवेल," असं म्हणून तो मागच्या सीटवर चढला. नऊ वर्षांत तो तिथे कधी बसला नव्हता. "फक्त बोलत राहा, ग्लेंडा. गप्प बसू नकोस."

माझा ट्रेलर तळावरच ठेवून मी निघाले. चढ लागला तेव्हा काय बोलावं ते मला सुचेना. यादी पाठ होती, तीच पहिल्यापासून म्हणायला लागले. तोही माझ्यामागून म्हणत होता. सातव्या कामापर्यंत म्हणाला. आठव्यापासून मी एकटीच म्हणत राहिले.