मंचासमोरचं ओलं पोतं

अमरावतीच्या मैदानावर दर उन्हाळ्यात कला महोत्सव भरतो. तिथं ती मोगऱ्याचे गजरे विकते. तापलेल्या जमिनीवर ओलं पोतं टाकून अगदी मंचासमोर बसते. नाव मी कधी विचारलं नाही.

"पयल्या साली दोन बैलबंड्या जोडून स्टेज केलं होतं," परवा ती मला सांगत होती. "गॅसबत्तीत नाच झाला. तवापासून पाहून राहिली मी."

तेवढ्यात वावटळ आली. वीज गेली, माइक बंद पडला. माणसं उठू लागली. मंचावरचा ढोलकीवाला ढोलकी गवसणीत घालू लागला. ती जागची हलली नाही. टोपलीवर पदर धरून तिनं हाक दिली, "वाजव ना बापा, आमी आयकून राहिलो."

वऱ्हाडीत याचा अर्थ एवढाच, की ऐकतोय. माझ्या पुणेरी कानांना मात्र वाटलं, ऐकायला थांबलोय.

ढोलकीवर थाप पडली. निघालेली माणसं परतली आणि खुर्च्या सोडून तिच्या पोत्याभोवती बसली. मीही बसलो.

बायकोचा फोन आला. "वादळ सुटलंय, निघालात का?"

"नाही," मी म्हणालो, "आमी आयकून राहिलो."