नलूताईंचं नवं रॅचेट

कलकत्त्याहून ट्रंक कॉल आहे म्हटल्यावर मी पोळी तव्यावर तशीच टाकून धावले. आमची नागपूरला बदली होऊन तीन-चार वर्षं झाली, पण कलकत्ता म्हटलं की अजून पाय आपोआप उचलतात. फोनवर तिथल्या महाराष्ट्र मंडळातले एक जुने परिचित होते. ‘नलूताई गेल्या,’ ते म्हणाले. ‘झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही...’ कॉलची मिनिटं संपत आलेली. मग काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून म्हणाले, ‘अगदी पुरुषासारखी बाई होती हो!’ आणि लाइन तुटली. खरं सांगते, मला रडू यायच्या आधी राग आला. आता महिना उलटून गेला तरी तो राग गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. नलूताई पुरुषासारख्या मुळीच नव्हत्या. त्यांच्यासारखे पुरुष मी पाहिलेले नाहीत, आणि बायकाही.

आम्ही बेहालाला ज्या घरात वरच्या मजल्यावर राहायचो, त्याच घरात खाली डॉक्टर नलिनी, म्हणजे आमच्या नलूताई, आणि त्यांचे यजमान अप्पासाहेब राहत. अप्पासाहेब फोर्ट विल्यममध्ये इंजिनिअर. लष्कराच्या लिलावातून त्यांनी एक जुनी जीप घेतली होती, तिच्याबरोबर एक लोखंडी हत्यारपेटीही आली होती. जीप चालवायला त्यांनी बायकोला शिकवलं आणि बिघडली तर उघडायलाही शिकवलं. नलूताईंचा दवाखाना शहराबाहेर बजबजला, ज्यूट मिलच्या बायकांसाठी. बाळंतपणं, पोरांचे ताप, अंगावरून पांढरं जाणं, आणि नवऱ्याच्या मारानं सुजलेली तोंडंसुद्धा. तिथे दुसरी बाई डॉक्टर नव्हती. ‘मी नाही गेले तर त्या कोणाकडे जाणार गं सुमन? पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडत नाहीत त्या,’ एवढंच त्या म्हणायच्या, आणि ऊन असो, पाऊस असो, जीप सुरू करायच्या.

एका उन्हाळ्यात अप्पासाहेब अचानक गेले. आवराआवर करायला साताऱ्याहून त्यांचे धाकटे भाऊ वसंतराव आले. वकील माणूस, मनानं चांगला, पण एकदा मनात घेतलं की अपील नाही. त्यांनी ठरवून टाकलं होतं : दसरा झाला की जीप विकायची, बिऱ्हाड मोडायचं आणि वहिनींना साताऱ्याला घेऊन जायचं. ते दिवसही कलकत्त्याचे बरे नव्हते. आज बंद, उद्या कुठे बॉम्ब, अंधार पडला की टॅक्सीवाले बेहालाचं नाव काढू देत नसत. ‘एकटी बाईमाणूस, उघडी जीप, आणि हे असं शहर... वहिनी, उद्या काही झालं तर दादाला मी काय तोंड दाखवू?’ असं ते रोज जेवताना म्हणत. नलूताई रोज त्यांना आणखी थोडा भात वाढत आणि सकाळी बजबजला जात. मला मात्र भीती वाटायची. कारण गाडी गेली की दवाखाना गेला, आणि दवाखाना गेला की नलूताईंचं काय उरणार, हे मला दिसत होतं. साताऱ्याच्या त्या घरात त्यांना मान मिळाला असता, खोली मिळाली असती, आणि दिवसभर करायला काहीही मिळालं नसतं.

खंडेनवमी आली. बाहेर दुर्गापूजेचे ढाक घुमत होते आणि आत वसंतरावांनी हत्यारांची पूजा मांडली. नलूताई त्या दिवशी एका अडलेल्या बाळंतिणीसाठी मिलच्या गाडीनं पहाटेच गेल्या होत्या. जीपमधली हत्यारपेटी घरात आणून वसंतरावांनी एकेक हत्यार ताम्हणात घेतलं. दादाची हत्यारं! त्यांनी गंध-फुलावर भागवलं नाही. दूध, दही, तूप, मध, साखर... साग्रसंगीत पंचामृताचा अभिषेक केला, मग पाण्यानं धुतली, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, कोरड्या पंच्यानं पुसली आणि डोळे पुसत परत पेटीत ठेवली. मी तिथेच बसून आरती म्हटली. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की हत्यारांना पोट असतं.

निदान रॅचेटला असतं. रॅचेट म्हणजे नट फिरवायचा दांडा. तो एका बाजूला घट्ट धरतो आणि दुसऱ्या बाजूला टकटक करत मोकळा फिरतो, त्यामुळे अडचणीच्या जागी पाना सारखा काढ-घाल करावा लागत नाही. त्याच्या डोक्यात एक दातेरी चाक आणि त्यात अडकणारी इवलीशी खिटी असते. त्या खिटीनं पंचामृत प्राशन केलं होतं.

दसऱ्यानंतर वसंतराव म्हणाले, ‘मी येतो एकदा बरोबर. बघू दे तुम्ही कशा जाता ते.’ मीही मागे बसले, कारण भांडण झालं तर मध्ये कोणीतरी असावं. वाटेतलं महेशतला गाव ओलांडलं आणि फॅनचा पट्टा तुटला. नलूताईंकडे दुसरा पट्टा होता. तो चढवायला डायनॅमोचे बोल्ट ढिले करायला हवेत, आणि त्यातला खालचा अशा कोपऱ्यात की हात जेमतेम दोन बोटं हलतो. त्यांनी रॅचेट लावलं, जोर दिला, आणि ते सटकलं. पुन्हा लावलं, पुन्हा सटकलं. बोटांची सालं निघाली. तिसऱ्यांदा आत काहीतरी कडकन तुटलं आणि दांडा दोन्हीकडे नुसता गरगरा फिरू लागला. मग साध्या पान्यानं, तसूतसूनं त्यांनी तो बोल्ट ढिला केला, पट्टा चढवला आणि आम्ही पोचलो तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर बायका पोरं घेऊन ताटकळत होत्या.

संध्याकाळी घरी आल्यावर वसंतरावांनी निकाल दिला. ‘बघितलंत ना वहिनी? भर रस्त्यात अडकलात. आता मला काही ऐकायचं नाही. उद्या-परवा गिऱ्हाईक बोलावतो.’ नलूताई पाटावर बसल्या. त्यांनी रॅचेटच्या डोक्याचे स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि ते दिव्याखाली दिराच्या पुढे धरलं. आत तुपाचा आणि साखरेचा पिवळा चिकटा, गंजलेली खिटी, आणि तिच्या मुळाशी फुगलेली एक अक्षता. ‘भाऊजी, गाडी नाही अडकली,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचा अभिषेक अडकला.’ वसंतरावांचा चेहरा असा झाला की मला त्यांची दया आली. दादाचं रॅचेट आपल्या हातून गेलं, हे त्यांना फार लागलं. ते म्हणू लागले की जोडून आणू, दुरुस्त करू, दादाची आठवण आहे. ‘आठवण माझ्याजवळ आहे,’ नलूताई म्हणाल्या. ‘मला रॅचेट हवंय.’

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मोटारींच्या जुन्या सामानाच्या मल्लिकबाजारला गेलो. दुकानदार सगळं वसंतरावांनाच दाखवत होता. ‘दादा, एइटा निन. एकदम विलायती!’ हेच घ्या म्हणे. रॅचेट चांदीच्या पळीसारखं लखलखत होतं. वसंतरावांना प्रायश्चित्त घ्यायचंच होतं, त्यांनी लगेच मान डोलावली. नलूताईंनी ते हातातून काढून घेतलं. स्वतःच्या पिशवीतली जुनी गोटी, म्हणजे नटावर बसणारी लोखंडी टोपी, त्यावर चढवली आणि ती खाली धरून झटकली, पडते का बघायला. मग कानाशी नेऊन एका बाजूनं सावकाश फिरवलं, दिशा बदलायचा खटका सरकवून दुसऱ्या बाजूनं फिरवलं. टकटक बारीक आणि सारखी यायला हवी, दात बारीक असले तर दोन बोटांच्या जागेतही ते पुढचा दात पकडतं. दुकानातल्याच तेलाच्या डब्यात अंगठा बुडवून खटका सरकतो का ते पाहिलं. शेवटी उलटं केलं. मागे झाकणच नव्हतं, सगळं कायमचं ठोकून बंद केलेलं. ‘खुले देखान,’ उघडून दाखवा, असं त्या म्हणाल्या. दुकानदार हसला. ‘नतून जिनिस दिदि, खुले की देखबेन?’ नवी वस्तू, उघडून काय बघणार! ‘जे उघडत नाही ते धुता येत नाही,’ त्या मराठीतच म्हणाल्या, आणि ते लखलखीत रॅचेट बाजूला ठेवलं.

असं अर्धं दुकान काउंटरवर आलं. एकाचा खटका बोट न लावताच उलटायचा, दुसऱ्यावर गोटी डगडगायची. अखेर खालच्या फळीवरून एक काळं, वापरलेलं, दिसायला अगदी सामान्य असं रॅचेट निघालं. मागे स्क्रूचं झाकण, आत स्वच्छ दाते. नलूताईंनी दुकानातल्या शेगड्याला, म्हणजे लोखंड धरायच्या त्या व्हाइसला, एक बोल्ट आवळायला लावला, त्यावर रॅचेट चढवलं, पदर खोचला आणि दांड्यावर सगळं अंग टाकलं. दुकानातली माणसं बघत राहिली. वसंतराव हळूच म्हणाले, ‘वहिनी, लोक बघताहेत...’ ‘बघू देत की,’ त्या दांड्यावर लोंबकळतच म्हणाल्या. रॅचेट तसूभरही सटकलं नाही. तेच घेतलं.

तरीही ठरलेलं गिऱ्हाईक आलंच. वसंतराव त्याला जीप दाखवत होते आणि नलूताई बॉनेट उघडून नव्या रॅचेटनं तो खालचा बोल्ट पक्का आवळत होत्या. काम झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि त्या माणसाला शांतपणे हिंदीत सांगितलं की गाडी विकायची नाही, त्याला बजबजकडे जायचं असेल तर मात्र सोडते. मग दिराकडे वळल्या. ‘भाऊजी, साताऱ्याला मी येणार नाही. माझी काळजी तुम्ही जरूर करा, पण ती इथे राहणाऱ्या माझी करा.’ वसंतरावांनी वकिली सुरू केली : समाज, वय, रस्ते, दंगे. नलूताईंनी सगळं ऐकून घेतलं, जीपमध्ये बसल्या आणि गेल्या. त्या आठवड्यात वसंतराव एकटेच साताऱ्याला परतले. लोक काय काय म्हणाले ते मला पाठ आहे. नवरा जाऊन वर्ष नाही आणि बाई नटबोल्ट फिरवते, असंही म्हणाले. म्हणणाऱ्यांच्या सुनांची बाळंतपणं नंतर नलूताईंनीच केली.

आणि आता हीच मंडळी त्यांचं स्मारक करायला निघाली होती! हे मला वसंतरावांकडून कळलं. ते दिवसकार्याला कलकत्त्याला गेले होते, परतताना नागपूरला उतरून आमच्याकडे आले. पार थकलेत आता. मंडळाच्या हॉलमध्ये काचेचं कपाट करायचं, त्यात नलूताईंचा फोटो आणि हत्यारपेटी ठेवायची, पुढे समई लावायची, असा बेत होता. हारसुद्धा आणला होता. ‘मग?’ मी विचारलं. ‘मग काय, मी पेटी उचलून जीपमध्ये टाकली आणि बजबजला गेलो,’ ते म्हणाले. गेलं वर्षभर तिथे नलूताईंच्या हाताखाली एक तरुण बंगाली डॉक्टरीण होती. नलूताईंनी तिला जीप शिकवायला घेतली होती. वसंतरावांनी ओट्यावर पेटी उघडली, रॅचेटचं झाकण काढलं, आत तेलाचा एक थेंब सोडला, झाकण लावलं आणि ते तिच्या हातात दिलं. ती बिचारी घाबरली. ‘ये तो दीदी का है,’ म्हणाली. ‘था,’ वसंतराव म्हणाले. ‘अब आपका है. गाडी बाहर खड़ी है.’

एवढं सांगून वसंतरावांनी चष्मा काढून पुसला.  ‘मग ती चालवते का जीप?’ मी शेवटी विचारलंच. ते म्हणाले, त्यांची परतीची आगगाडी त्यानंतर दोन दिवसांनी होती, म्हणून ते मुद्दाम पुन्हा बघायला गेले होते. दवाखाना नेहमीच्या वेळी उघडला होता, आणि दारात जीप उभी होती, बॉनेट अजून गरम.