इरजण तिचंच होतं

बायको चैतात गेली, दोन दिवसांच्या तापात. घरात मी, माझी थोरली विधवा बहीण आणि पाच वर्षांची लेक एवढेच उरलो. मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. नांगर धरता येत होता, चूल नाही. रडायलाही जमलं नाही. लोक म्हणाले, दगड आहे. असेन.

दहाव्या दिवशी बहिणीनं घर सारवलं आणि सुतकातली मडकी उकिरड्यावर नेऊन फोडली. त्यात दह्याचं गाडगंही गेलं. बायकोनं इंझोरीच्या माहेराहून आणलेलं इरजण त्यात होतं. रोज त्यातलंच चमचाभर काढून ती दुसऱ्या दिवसाचं दही लावायची. इतक्या वर्षांत एक दिवस खंड नाही. ते एका फटक्यात मातीत गेलं.

लेक दहीभाकरीवर वाढलेली. आता ती कशालाच तोंड लावेना. हलवायाकडून इरजण आणून मीच दही लावलं. उकळत्या दुधात टाकलं, दूध फाटलं. दुसऱ्या दिवशी लागलं, पण आंबट आणि तार सुटलेलं. लेकीनं वाटी ढकलून दिली.

"हे आईचं नाई."

पोरीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मला धडकी भरली. एक गेली होती, दुसरीही जाते की काय.

शेजारी पिंजारी राहायचे, कापूस पिंजणारे मुसलमान. त्यांच्या घरची चाची कुंपणाशी आली. "काहून रडून राह्यली पोरगी, भाऊ?"

मी सांगितलं. ती आत गेली आणि दह्याची वाटी घेऊन आली.

"घ्या. मागच्या दिवाळीले माझं दही नासलं, तवा तुमच्या बायकोनं इरजण देल्लं होतं. तेच लावतो मी रोज."

मी वाटी घरात आणली तशी बहीण उसळली. "पिंजाऱ्याच्या घरचं आपल्या चुलीवर? लोक तोंडात शेण घालतीन!"

"घालू दे. बाई, इरजण आपलंच हाय. तू फेकलं, चाचीनं सांभाळलं."

 ती उठली. "सरक तिकडं. दूध मी तापवतो. तुले जमत नाई."

दही लागलं, सुरीनं कापावं असं. पण लेक तोंड उघडेना. एकदा फसलेली पोर, चवही घेईना.

सोमवारी मालेगावच्या बाजारात गेलो. कुल्फीवाल्याकडून बर्फाचा तुकडा घेतला, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून बैलगाडीनं आणला. तो कुल्फी कशी गोठवतो ते मी कितीदा उभं राहून पाहिलं होतं. दह्यात गूळ घोटला, डब्यात भरला, झाकणाला भिजवलेली कणीक लावली. बादलीत बर्फ फोडून खडेमीठ टाकलं आणि डबा गरगर फिरवत बसलो. हात बधिर झाले.

"येडा झाला काय? एवढं मीठ मातीत!" बहीण ओरडली.

गल्लीतली सगळी पोरं जमली. डबा उघडला तर दही दगडासारखं गोठलेलं! पळसाच्या पानांवर एकेक ढेकूळ दिलं. पोरं ओरडू लागली, "बापा बापा, दात गेले!" आणि पुन्हा पानं पुढं करू लागली.

लेक दाराआडून पाहत होती. राहवेना तशी आली, एक बोट लावलं, चाटलं. पुन्हा चाटलं. 

"आईचं हाय," ती म्हणाली. "पण आई एवढा गूळ नोहोती टाकत."

सगळा डबा तिनं बोटानं निपटला आणि भाकर मागितली. बहीण तवा टाकायला पळाली. मी अंगणात उभा राहून असा ओरडलो की चाची कुंपणाशी धावत आली. आणि मग, इतक्या दिवसांनी, मला रडू आलं. पोरांसमोर, भर दुपारी. लाज वाटली नाही.

लेक रिकामा डबा घेऊन आली. "बाबा, अजून दे."

दही होतं. कोनाड्यात वाटीत चमचाभर, मी आधीच झाकून ठेवलेलं. ते मी कुणाला दिलं नाही. तिलाही नाही.